मेकअप आर्टिस्ट व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई संपली की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येतात. काही पुढच्या मोसमाच्या तारखा विचारणारे, आणि बाकीचे सगळे 'ताई, मलाही हे शिकायचंय, सुरुवात कशी करू?' असे. या दुसऱ्या प्रकाराला एकेकटं उत्तर देऊन अंगठा दुखायला लागला, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

मी मूळची साताऱ्याची. राज्य नाट्य स्पर्धेच्या रंगपटात हाताला पहिल्यांदा रंग लागला. मग मुंबईत चार वर्षं मालिकांवर सहायक होते आणि आता बरीच वर्षं पुण्यात नवऱ्या सजवते. (नवरीचं अनेकवचन. गैरसमज नको.)

पार्लर चालवणं आणि मेकअप आर्टिस्ट असणं, यात फरक काय?

पार्लरवाली त्वचा आणि केस सांभाळते, म्हणजे थ्रेडिंग, फेशियल, वॅक्सिंग. तिचं गिऱ्हाईक दर महिन्याला परत येतं. आमचं काम ठरावीक प्रकाशात, ठरावीक अंतरावरून, ठरावीक तासांपुरता चेहरा उभा करण्याचं. दोन्ही एकीनेच करायला हरकत नाही आणि तालुक्याच्या गावात तर बहुतेकजणी तसंच करतात. पण फेशियल चांगलं जमतं म्हणून मेकअपही जमेल, असं मात्र गृहीत धरू नका.

अंतर हा शब्द मुद्दाम वापरला. नाटकात विसाव्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसले पाहिजेत, म्हणून रेषा जाड असते. मालिकेत क्लोजअपमध्ये त्वचेचं प्रत्येक छिद्र दिसतं, तिथे तीच जाड रेष हास्यास्पद वाटते. लग्नात नवरीला आत्या हातभर अंतरावरून न्याहाळते आणि त्याच क्षणी फोटोग्राफरचा फ्लॅश तोंडावर पडतो. लग्न, कॅमेरा आणि रंगमंच हे तीन वेगळे धंदे आहेत. यातला आपला कुठला, हे पहिल्या दोन वर्षांत आपोआप कळतं. आधीपासून ठरवून बसू नका.

शिक्षण किती लागतं? कोर्स कुठला करू?

पदवी लागत नाही. दहावी झाली असेल तर आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. फी खासगीच्या मानाने नगण्य आणि प्रमाणपत्र सरकारी. त्यात त्वचेची रचना, स्वच्छता, केस, नखं असं सगळंच येतं, मेकअप त्यातला एक भाग. पाया म्हणून उत्तम. त्याला कमी लेखणाऱ्या मुलींची मला गंमत वाटते, कारण त्याच मुली पुढे खासगी अकॅडमीत लाखभर रुपये भरून येतात.

खासगी कोर्स आठवड्याचेही असतात नि सहा महिन्यांचेही. मी केला तो दोन महिन्यांचा. वर्गात बावीसजणी. बाई पुढे एका मॉडेलवर करून दाखवायच्या आणि आम्ही मागून माना उंच करून मोबाइलमध्ये शूट करायचो. दोन महिन्यांत माझ्या वाट्याला चार चेहरे आले. चारही पंचविशीच्या आतले, गोरे, डाग नसलेले. कोर्स संपल्यावरचं माझं पहिलं गिऱ्हाईक होतं पंचावन्न वर्षांची वरमाय. फाउंडेशन तासाभरात डोळ्यांखालच्या सुरकुत्यांत जाऊन बसलं आणि त्या बाई होत्या त्याहून दहा वर्षांनी मोठ्या दिसू लागल्या. त्या काही बोलल्या नाहीत. फोटोंत मात्र दुसऱ्या रांगेत उभ्या राहिल्या.

म्हणून अकॅडमीत फी विचारण्याआधी हे विचारा: माझ्या स्वतःच्या हाताखालून किती चेहरे जाणार? त्यात सावळे किती, चाळिशीपुढचे किती, मुरुमांचे किती? उत्तर गोलमोल आलं तर भिंतीवर परदेशी संस्थांची कितीही प्रमाणपत्रं टांगलेली असोत, चहा पिऊन उठा.

कोर्स तुम्हाला स्थिर बसलेला चेहरा शिकवतो. प्रत्यक्षात चेहरा घामेजतो, रडतो, जेवतो, मावशीच्या गळ्यात पडतो. ते शिकायचं कुणाच्या तरी हाताखाली. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मला चित्रकला येत नाही. जमेल का?

जमेल. चित्र काढता आलं नाही तरी चालतं, रंग दिसला पाहिजे. रोज बसमध्ये समोरच्या तीन माणसांचे चेहरे बघा आणि मनात सांगा: त्वचेत पिवळा जास्त आहे, लाल की हिरवट? ओठांभोवती काळसर आहे का? डोळ्यांखालचं निळसर आहे की तपकिरी? सहा महिने केलंत तर फाउंडेशनचा नंबर निवडायला बाटल्या उघडून बघाव्या लागणार नाहीत. फक्त कुणाकडे टक लावून बघू नका, एकदा मला एका काकांनी 'काय हवंय?' असं विचारलंय.

मराठी नवरीच्या मेकअपमध्ये वेगळं काय शिकावं लागतं?

यावर मी रात्रभर बोलू शकते.

सुरुवात हळदीपासून. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी हळद लागते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जो चेहरा तुमच्यापुढे येतो तो तिचा नसतोच. केसांची कड, कानामागचा भाग, मान, सगळं पिवळं. त्या रंगाशी फाउंडेशन जुळवलंत तर संध्याकाळच्या स्वागत समारंभात ती कावीळ झाल्यासारखी दिसेल. मी शेड कायम ट्रायलच्या (लग्नाआधी करून बघायच्या मेकअपच्या) दिवशी, हळदीच्या आधी ठरवते आणि मिश्रणाचं प्रमाण वहीत लिहून ठेवते. शिवाय नवरीला बजावून ठेवते की रात्री हळद साबणाने घासायची नाही. हळदीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात नाही, आणि साबण लागला की तो उलट लालसर होतो. पांढऱ्या कपड्यावरचा आमटीचा डाग साबण लावल्यावर कसा लाल होतो, ते आठवा. खोबरेल तेल चोळायचं, मऊ कापडाने पुसायचं आणि मग सौम्य फेसवॉश.

नंतर नथ. आता पुष्कळ मुलींचं नाक टोचलेलं नसतं, त्यामुळे प्रेसची नथ येते. ती चिमटा काढते आणि डाव्या डोळ्यातून पाणी काढते. माझ्या सुरुवातीच्या एका लग्नात मी डोळे पूर्ण करून शेवटी नथ चढवली. दोन मिनिटांत डाव्या गालावरून काजळाचा ओघळ. बाहेर भटजी 'मुलीला आणा' म्हणून ओरडतायत आणि मी आत कापसाच्या काडीने गाल खरवडतेय. तेव्हापासून नथ आधी. दहा मिनिटं घालून ठेवायची, डोळ्यांतून यायचं ते पाणी येऊन जाऊ दे, मग काढायची आणि डोळ्यांना हात घालायचा. नाकपुडीवर जिथे ती बसणार तिथे फाउंडेशन लावत नाही, नुसती पावडर. नाहीतर नथ घसरत राहते आणि नवरी मंगलाष्टकं संपेपर्यंत तिला हात लावत राहते.

मुंडावळ्यांचा दोरा कपाळाच्या दोन्ही कडांना घासतो, तिथला बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, पातळ ठेवून पावडरने नीट बसवायचा. होमाच्या धुरात डोळे झोंबतात, म्हणून खालच्या पापण्यांना मी मस्कारा लावतच नाही. आणि नंतर तिला निदान पन्नास जणांच्या पाया पडायचं असतं. दर वेळी मान खाली गेली की अंबाड्यावरच्या गजऱ्याचं वजन पुढे येतं. पिना मोजून नाही, ओढून बघून लावा.

आणखी एक. मुंबईबाहेर 'मेकअप' म्हणजे लोक मेकअप, केस आणि साडी असं तिन्ही धरतात. नऊवारी नेसवता येत नसेल तर निम्मी कामं हातची जातात. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी हे प्रकार तरी यायलाच हवेत. शिवलेल्या नऊवारीवर भागतं असं म्हणतात, पण आजी बाजूला उभी असली की भागत नाही.

सुरुवातीचं किट किती रुपयांचं असावं?

पंचवीस-तीस हजारांत काम सुरू होण्याइतकं किट होतं. त्यापेक्षा जास्तीचं कर्ज काढून घेऊ नका. फाउंडेशनच्या वीस शेड्स घेण्यापेक्षा गडद, मध्यम, फिकट, पिवळा झुकाव आणि लाल झुकाव अशी पाच घ्या आणि मिसळायला शिका. डोळ्यांखालच्या काळेपणाला नारिंगी करेक्टर. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर तो जितका उपयोगी पडतो तितकी दुसरी कुठलीही वस्तू नाही.

स्टीलची पॅलेट, स्पॅट्युला, सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्प्रे आणि एकदाच वापरायच्या मस्कारा-काड्या यांवर कंजूषी नको. लिपस्टिक कधीही कांडीवरून थेट ओठांवर नाही, खरवडून पॅलेटवर घ्यायची. पेन्सिलला दर चेहऱ्यानंतर नवं टोक करायचं. डोळे आलेल्या करवलीला लावलेलं काजळ नवरीला लावलंत तर पुढच्या आठवड्यात गावभर नाव होतं, आणि ते नको असलेल्या कारणासाठी. डब्यामागे उघड्या बरणीचं चित्र आणि त्यात '१२ एम' असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. मस्कारा मात्र तीन महिन्यांत फेकायचा.

घाऊक बाजारात नामांकित परदेशी ब्रँड निम्म्या किमतीला दिसला तर लेबल वाचा. 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०' नुसार आयात मालाची नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांक व आयातदाराचं नाव-पत्ता लेबलवर असावा लागतो. तो नसेल तर स्वस्तात मिळालं म्हणून खूश होऊ नका.

नवीन पावडर घेतलीत की अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या चेहऱ्यावर लावून मोबाइलच्या फ्लॅशमध्ये फोटो काढा. काही पांढऱ्या बारीक पावडरी आरशात दिसत नाहीत, फ्लॅशमध्ये मात्र डोळ्यांखाली पीठ सांडल्यासारख्या उमटतात. हे लग्नाच्या अल्बममध्ये कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

सहायकाचं काम कसं मिळतं? पैसे मिळतात का?

विचारून मिळतं. ज्यांचं काम आवडतं त्यांना थेट मेसेज करा. 'तुमची खूप मोठी फॅन' वगैरे नको. 'अमुक तारखांना मोकळी आहे, नऊवारी नेसवता येते, दुचाकी आहे' असं लिहा. मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात आवडतं.

पहिले महिने ब्रश धुणं, साडीच्या पिना देणं, करवल्यांचे केस विंचरणं एवढंच. कंटाळा येईल. पण एका खोलीत आठ बायका, एकच आरसा, लाइट गेलेली आणि मुहूर्ताला पस्तीस मिनिटं, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. पैसे थोडे मिळाले तरी चालतील, मिळालेच पाहिजेत. 'अनुभव मिळतोय ना' म्हणून वर्षभर फुकट राबवणारे भेटले तर तीन-चार कामांनंतर नमस्कार करा.

मालिका-चित्रपटांत शिरायचं असेल तर?

मुंबईला राहावं लागेल, निदान सुरुवातीला. गोरेगावची चित्रनगरी, मढ, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, इथे सेट असतात. कोल्हापूर, वाई भागातही चित्रीकरणं होतात, पण युनिटचे लोक बरेचदा मुंबईहूनच येतात.

शिफ्ट बारा तासांची. नऊची शिफ्ट असेल तर मेकअपवाले सातला हजर, कारण कलाकार तयार झाल्याशिवाय कॅमेरा लागत नाही. दिवसातलं निम्मं काम मेकअपचं, निम्मं लक्ष ठेवण्याचं. कंटिन्युइटी, म्हणजे एकाच प्रसंगाच्या सगळ्या तुकड्यांत रूप तेच ठेवणं, हा शब्द तिथे रात्री झोपेतही ऐकू येतो. एका मालिकेत मी नायिकेला दिवाणखान्यातल्या दृश्यात गोल टिकली लावली होती. त्याच प्रसंगाचा स्वयंपाकघरातला भाग तीन दिवसांनी शूट झाला आणि मी चंद्रकोर काढली. पडद्यावर बाई टिकली लावून दारातून आत गेली नि चंद्रकोर लावून बाहेर आली. दिग्दर्शकाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आईच्या आलं. आता प्रत्येक दृश्यानंतर समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो, वर दृश्य क्रमांक.

पैशांचं स्पष्ट सांगते. मालिकांमध्ये मोबदला साधारण नव्वद दिवसांनी येण्याची पद्धत आहे. म्हणजे पहिले तीन महिने भाडं, लोकल, जेवण खिशातून. तेवढी शिल्लक असल्याशिवाय उडी मारू नका. माझे एका निर्मात्याकडचे सव्वीस दिवसांचे पैसे आजवर आलेले नाहीत. तोंडी बोलण्यावर काम केलं होतं, दाखवायला कागद नव्हता. तेव्हा निदान व्हॉट्सॲपवर तरी दर, दिवस आणि तारीख लिहून घ्या.

मुलींना फिल्म लाइनमध्ये मेकअपचं काम देत नाहीत, हे खरं का?

खरं होतं. मुंबईतल्या सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशनच्या नियमांप्रमाणे मेकअप पुरुषांनी करायचा आणि बायकांनी केस. बायकांना मेकअप आर्टिस्टचं सभासद-कार्डच मिळत नसे, आणि कार्डाशिवाय सेटवर पकडलं तर दंड. मेकअप आर्टिस्ट चारू खुराणा यांनी याविरुद्ध दाद मागितली. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला, आणि महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अटही त्याच निकालात गेली. हे काही फार जुनं नाही. मी सेटवर असताना जुनी माणसं सगळ्यांना सवयीने 'मेकअप दादा' नि 'हेअर ताई' अशीच हाक मारायची. मी गेले की हाक यायची, 'हेअर ताई, जरा पावडर बघा.'

मी मुलगा आहे. लग्नाची कामं मिळतील?

मिळतात. साडी नेसवायला सोबत एक मुलगी ठेवा आणि ते आधीच सांगा. अडचण नवरीला नसते, खोलीबाहेर बसलेल्या काकांना असते.

नाटकाच्या रंगभूषेत करिअर होतं का?

पोट भरेल असं मी म्हणणार नाही. हात मात्र नाटकातच तयार होतो. राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला वेगळं पारितोषिक असतं. गावातल्या हौशी संस्थेत जा, त्यांना माणूस हवाच असतो. विशीतल्या पोराला साठीचा करायचा, तोही दोन अंकांच्या मधल्या दहा मिनिटांत, हे एकदा जमलं की पुढे कशाची भीती वाटत नाही. सिंधुदुर्गात दशावतार बघायला मिळाला तर खेळाच्या आधी रंगपटात डोकावा. कलाकार आपापली पेटी उघडून, छोटा आरसा धरून स्वतःच तोंड रंगवतात.

या कामात मराठी माणसांनी मोठं नाव केलंय. पंढरीदादा जुकर हे रंगभूषाकार बाबा वर्दमांच्या हाताखाली शिकले आणि पुढे हिंदी पडद्यावरचे कितीतरी नामवंत चेहरे त्यांच्या हातून गेले. २०२० मध्ये ते गेले. विक्रम गायकवाड यांनी २०११ च्या 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे यांची जी रंगभूषा केली, ती थांबवून थांबवून बघा. दागिन्यांकडे बघू नका, भुवया आणि जबड्याची कड बघा. मे २०२५ मध्ये तेही गेले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत रंगभूषेला स्वतंत्र मान मिळाला तो ५४ व्या पुरस्कारांपासून. अभिनय-संगीताच्या मानाने उशीरच.

प्रोस्थेटिक्स, म्हणजे सिलिकॉनचं नाक, टक्कल, जखमा, ही याच घराण्यातली शाखा. शिकायला महाग, कामं मोजकी, पण ज्याला साचे ओतायची आवड आहे त्याने जरूर शिकावं.

दर किती लावू?

शेजारणीच्या दरावरून दर ठरवू नका. माझं पहिलं नवरीचं काम साडेतीन हजारांचं होतं. साहित्य सहाशेचं गेलं, मैत्रीण मदतीला आली तिला आठशे, गाडीभाडं पाचशे. उरले सोळाशे. पहाटे चारला उठले होते नि घरी आले दुपारी दोनला. शिवाय ट्रायलचे तीन तास, ते मी फुकट केले होते. आधी हा हिशेब कागदावर मांडा, मग दर सांगा. ट्रायलचे पैसे घ्या, प्रवास वेगळा लावा, निम्मी रक्कम तारीख धरतानाच घ्या. 'तारीख धरून ठेवा, पैसे नंतर देते' म्हणणारीची तारीख मी धरत नाही. आणि 'करवल्यांचं जरा करून द्या ना, ताई' यातल्या 'जरा'चेही पैसे असतात, ते बोलणी होतानाच सांगा.

वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. ती वेळ यायच्या आतच कामाचं खातं वेगळं करा.

'मुलीला गोरी करा' म्हणाले तर?

म्हणतातच. बहुतेकदा मुलगी नाही, तिच्यामागे उभी असलेली बाई म्हणते. मी हातावर दोन शेड लावून फोटो काढून दाखवते: हा तिचा रंग, हा तुम्ही म्हणताय तो. फोटोत चेहरा आणि गळा वेगळ्या माणसांचे दिसतात आणि वाद तिथेच मिटतो. एकदा मिटला नव्हता. तेव्हा मी हट्टापुढे झुकले, केलं तसं. तो फोटो माझ्या इन्स्टाग्रामवर नाही.

मोसम नसताना काय करायचं?

तुळशीच्या लग्नानंतर धावपळ सुरू होते, पौषात मंदावते, वैशाखात श्वास घ्यायला वेळ नसतो आणि चातुर्मासात फोन गप्प. त्या महिन्यांत डोहाळजेवण, बारसं, मंगळागौर, गणपती-गौरीचे फोटो, शाळांची स्नेहसंमेलनं, स्वतःचे छोटे वर्ग. मोसमातल्या कमाईचे चार भाग करून एक भाग पावसाळ्यासाठी बाजूला ठेवायची सवय मला तिसऱ्या वर्षी लागली. पहिली दोन वर्षं भावाकडून उसने घेतले.

पाठ दुखते का?

हो. उंच घडीची खुर्ची स्वतःची न्या, लग्नघरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वाकून काम करू नका.

पहिल्या ऑर्डरला जाताना काय विसरू नये?

एक्स्टेंशन बोर्ड, स्वतःचा बल्ब-स्टँड, भरपूर सेफ्टी पिना, सुई-दोरा, नवरीला पाणी प्यायला स्ट्रॉ, जुना टॉवेल, कचऱ्याची पिशवी. आणि डबा. लग्नघरात दोनशे पानं उठतात, पण मेकअपवाली जेवली का, हे कुणी विचारेलच असं नाही.